नोकरी करणारी स्त्री, सूर्यप्रकाश आणि विषाद

आरोग्य मागावयाचें तर तें सूर्याजवळ मागावें, अशी आपल्याकडे फार जुनी श्रद्धा आहे. मयूर कवीनें ‘सूर्यशतक’ रचून आपली व्याधि दूर करून घेतली, ही आख्यायिका संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. कृष्णपुत्र सांबाचा रोग सूर्योपासनेनें गेला, ही कथा पुराणांत आहे. औंधाधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तोहि याच श्रद्धेला व्यायामाची जोड देऊन. ज्या देशांत ही श्रद्धा रुजली, आणि त्यांतूनहि ज्या कोंकणपट्टींत वर्षांतील आठ महिने लख्ख ऊन पडतें, तेथें सूर्यप्रकाशाच्या अभावानें होणारी उणीव घरोघर आढळावी, ही गोष्ट ऐकणाऱ्यास खरी वाटूं नये अशीच आहे. पण ती खरी आहे.

नवी मुंबईंतील खारघरचेंच उदाहरण घेऊं. सिडको या संस्थेची स्थापना १९७० सालीं झाली, व तिनें वसविलेल्या वसाहतींपैकीं खारघर ही एक. एका बाजूस डोंगर, त्यावरून पावसाळ्यांत कोसळणारा पांडवकडा, मध्यें सेंट्रल पार्कची विस्तीर्ण जागा, रुंद रस्ते. मुंबईच्या चाळींतून येथें राहावयास आलेल्या माणसाला प्रथम जाणवतें तें येथील मोकळें आकाश. आणि तरीहि येथील पुष्कळ घरांत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. घरांतील नोकरी करणारी सून किंवा मुलगी पस्तिशी-चाळिशींतच थकून जाते. कंबर व पाय ठणकतात. जिना चढतांना मांड्या भरून येतात. कशांत मन लागत नाहीं. क्षुल्लक गोष्टीवरून डोळ्यांत पाणी येतें. रक्ताची तपासणी होते, ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी असल्याचें कागदावर येतें, आणि सर्व दुःखाचें मूळ सांपडलें असा निर्णय घरांत होऊन जातो. हा निर्णय कितपत खरा, कितपत घाईचा, आणि अशा वेळीं घरांतील वडील माणसांनीं काय करावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

‘ड’ जीवनसत्त्व म्हणजे काय?

जीवनसत्त्व म्हटलें कीं तें अन्नांतून मिळावयाचें, अशी आपली कल्पना असते. ‘ड’ जीवनसत्त्व या नियमाला अपवाद आहे. तें मुख्यतः आपल्या त्वचेंतच तयार होतें. त्वचेंत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक स्निग्ध पदार्थ असतो. सूर्यप्रकाशांतील जंबुपार किरणांपैकीं आंखूड लहरींचे किरण त्यावर पडले म्हणजे त्याचें रूपांतर या जीवनसत्त्वांत होतें. पुढें यकृतांत व मग मूत्रपिंडांत त्यावर एकेक संस्कार होतो, आणि तेव्हां कोठें तें कार्यक्षम बनतें. त्याचें मुख्य काम आंतड्यांतून कॅल्शियम शोषून घेण्यास मदत करणें व हाडांना बळकटी देणें हें होय. तें कमी पडलें तर मुलांना मुडदूस होतो, पाय वांकतात. मोठ्या माणसांचीं हाडें मऊ पडून ठणकतात व स्नायु दुबळे होतात. पूर्वीं अशा मऊ पडलेल्या हाडांमुळें कटिप्रदेशाचा आकार बिघडून कित्येक स्त्रिया बाळंतपणांत दगावत.

या किरणांच्या कांहीं अटी आहेत. ते खिडकीच्या कांचेंतून आंत येत नाहींत. कांचेमागें बसून ऊब मिळेल, उजेड मिळेल, पण जीवनसत्त्व मिळणार नाहीं. सूर्य क्षितिजाजवळ असतांना वातावरणाचा जाड थर त्यांना गिळून टाकतो. म्हणून सकाळच्या कोंवळ्या उन्हांत व सायंकाळच्या तिरप्या उन्हांत ते जवळजवळ नसतात. वस्त्र त्यांना अडवितें, धूर व धूळ अडवितात, दाट ढग अडवितात. आणि आपल्या सांवळ्या त्वचेंतील रंगद्रव्य, जें उन्हापासून आपलें रक्षण करतें, तेंच त्यांना अंशतः अडवितें. त्यामुळें गोऱ्या माणसाला जितका वेळ उन्हांत पुरतो त्याच्या कितीतरी पट वेळ आपणांस लागतो. किरण पुरेसे आहेत कीं नाहींत हें ओळखण्याची सोपी खूण अशी कीं, आपली सावली आपल्या उंचीपेक्षां आंखूड असेल तर ते आहेत, लांब असेल तर फारसे नाहींत.

नाशिकची जुनी साक्ष

हें ज्ञान शंभर वर्षांपूर्वीं नवें होतें. १९१९ सालीं बर्लिनमध्यें हुल्डशिन्स्की या डॉक्टरानें मुडदूस झालेल्या मुलांना कृत्रिम जंबुपार प्रकाश देऊन बरें केलें. १९२२ सालीं अमेरिकेंत मॅक्कॉलम यानें माशाच्या यकृताच्या तेलांतील मुडदूसनाशक घटकाला ‘ड’ हें अक्षर दिलें. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंडाउस याला १९२८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें याच घराण्यांतील द्रव्यांच्या संशोधनाबद्दल.

या इतिहासांत आपल्या महाराष्ट्राचें एक पान आहे, व तें आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या वाचनांत आलें असेल. १९२१-२२ च्या सुमारास हचिसन नांवाच्या डॉक्टरानें आपल्या हिंदी सहकाऱ्यांसह नाशिक शहरांत मुडदुसाच्या कारणांची पाहणी केली. गरिबाला अन्न कमी, म्हणून रोग गरिबाच्या घरीं अधिक असणार, असें कोणीहि म्हणेल. नाशिकांत नेमकें उलट आढळलें. ज्यांच्या घरीं दूधतुपाची कमतरता नव्हती, पण स्त्रिया व तान्हीं मुलें घराच्या आंतल्या अंधाऱ्या भागांत राहत, अशा सधन हिंदु व मुसलमान कुटुंबांत मुडदूस व हाडें मऊ पडण्याची व्याधि दिसली. आणि ज्यांना दोन वेळचें धड अन्नहि मिळत नसे, पण ज्यांच्या बायका मुलाला पाठीशीं किंवा कांखेस घेऊन दिवसभर उघड्यावर राबत, त्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांत ती क्वचितच होती. काश्मीरांतील अनुभवावरून डॉ. कॅथलीन व्हॉन यांनींहि १९२८ सालीं पडदापद्धति व मातृत्व या विषयावर पुस्तक लिहून हेंच मांडलें: घरांत कोंडलेल्या सधन स्त्रियांना ही व्याधि जडते, आणि नावाड्यांच्या व शेतकऱ्यांच्या बायका तिच्यापासून मुक्त राहतात.

आपल्या जुन्या वाड्यांचा आपणांस अभिमान आहे आणि तो असावा. पण त्या वाड्यांतील माजघर व बाळंतिणीची खोली आठवून पाहावी. दिवसासुद्धां समई लावावी लागे अशा त्या जागा होत्या, आणि घरांतील स्त्रियांचें अर्धें आयुष्य तेथें जाई. तुळशीला पाणी घालणें, विहिरीवर जाणें, चैत्र-वैशाखांत गच्चीवर पापड-कुरडया-सांडगे वाळत घालून राखणीस बसणें, एवढ्या निमित्तानें जें ऊन अंगावर पडे तेवढेंच. ज्या घरांत तेंहि नसे तेथें काय होई याची साक्ष नाशिकच्या त्या पाहणींत आहे. तेव्हां पूर्वीं सारें आरोग्य होतें व आतां नोकरीमुळें तें गेलें, असें म्हणण्यास आधार नाहीं. उणीव जुनीच आहे. तिचें घर मात्र बदललें आहे. अंधाऱ्या माजघराच्या जागीं आज कांचेची कचेरी आली आहे.

खारघरचें ऊन आणि खारघरच्या स्त्रिया

खारघर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर आहे. मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस सूर्य तेथें माध्यान्हीं थेट डोक्यावर येतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो सर्वांत दक्षिणेकडे असतो. तरीहि त्या दिवशीं माध्यान्हीं तो क्षितिजापासून सुमारें ४७ अंश उंच असतो, म्हणजे साडेपांच फूट उंचीच्या माणसाची सावली पांच फुटांच्या आसपास पडते. वर सांगितलेली खूण लावली तर भर हिवाळ्यांतहि खारघरच्या दुपारच्या उन्हांत जीवनसत्त्व तयार होऊं शकतें. उत्तर युरोपांतील माणसाला हें भाग्य कित्येक महिने मिळत नाहीं. शिवाय आपलें घड्याळ पूर्वेकडील रेखांशावर लावलेलें असल्यामुळें खारघरचा खरा माध्यान्ह बाराला नसून साडेबाराच्या आगेंमागें असतो. म्हणजे नेमकी कचेरींत डबा उघडण्याची वेळ.

आतां खारघरहून नोकरीस जाणाऱ्या एका स्त्रीचा दिवस डोळ्यांपुढें आणावा. पहाटे उठून डबे करावयाचे, मुलांना शाळेसाठीं तयार करावयाचें, आणि रिक्षा किंवा मेट्रो पकडून स्थानक गांठावयाचें. हार्बर मार्गावरून मुंबईच्या टोकापर्यंत जावयाचें तर तासाहून अधिक वेळ गाडींत. ऐरोली-महापेकडे नोकरी असेल तर वातानुकूलित बस आणि कांचेच्या भिंतींची इमारत. कित्येकींना परदेशांतील कामाच्या वेळांमुळें रात्रपाळी असते. त्यांची दुपार पडदे ओढून झोंपण्यांत जाते. दुचाकीवर बसणारी स्त्री धूळ व उन्हाचा काळेपणा टाळण्यासाठीं डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ गुंडाळते, हातांत कोपरापर्यंतचे मोजे घालते. नाशिकच्या पडद्यापेक्षां हा पडदा कमी दाट नव्हे. सावळी मुलगी उन्हांत जाऊन आणखी सावळी होईल, ही आपल्या घरांतील भीति त्याला खतपाणी घालते. घरीं येईपर्यंत अंधार पडतो. राहतां राहिला रविवार. नांवाप्रमाणें तो रवीचा वार. पण आठवड्याची सांचलेली धुणीं, निवडणें-टिपणें, पाहुणे व जरा बरा स्वयंपाक यांत त्याची दुपारहि ओट्याजवळच मावळते. वाळवणें आतां बाजारांतून येतात आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या कचेरींत असते.

शास्त्रज्ञांनीं ही स्थिति मोजून पाहिली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील डॉक्टरांनीं पंचवीस ते पस्तीस वयाच्या सुमारें अकराशें निरोगी स्त्री-पुरुषांचें रक्त तपासून २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: त्यांपैकीं सुमारें ७० टक्क्यांत हें जीवनसत्त्व अपुरें होतें. दक्षिणेंत तिरुपतीच्या परिसरांत केलेल्या तुलनेंत उघड्यावर राबणाऱ्या शेतकऱ्यांची स्थिति शहरवासीयांपेक्षां बरी आढळली. पुण्याच्या संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें आपल्याकडील पुरुषांना योग्य पातळी राखण्यासाठीं दररोज दुपारच्या उन्हांत निदान एक तास वावरावें लागतें. कचेरींत जाणाऱ्या कोणत्या स्त्रीला हा तास मिळतो, हें प्रत्येकानें आपापल्या घरांत पाहावें.

मनाचा व या जीवनसत्त्वाचा संबंध

आतां नाजूक प्रश्नाकडे वळूं. चरकाचार्यांनीं रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिलें आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचें नांवच विषादावरून पडलें आहे, आणि तेथें अर्जुनाचें मन खचतांच त्याचें शरीरहि कसें गळून जातें याचें वर्णन आहे. म्हणजे मन व शरीर एकमेकांना ओढून नेतात, हें आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हतें. मग ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव मनाला खचविते काय?

ज्यांच्या रक्तांत हें जीवनसत्त्व कमी असतें त्यांच्यांत विषादाचा विकार अधिक आढळतो, असें पुष्कळ पाहण्यांतून दिसलें आहे. हें जीवनसत्त्व ओळखणारीं केंद्रें मेंदूंतहि आहेत. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असें वाटेल. परंतु न्यायशास्त्राचा ज्यांना थोडाफार परिचय आहे ते येथें थांबतील. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे त्यांपैकीं एक कारण व दुसरी कार्य, असें ठरत नाहीं. ज्याचें मन खचलें तो घराबाहेर पडत नाहीं, नीट जेवत नाहीं. त्यामुळें त्याचें जीवनसत्त्व कमी होणारच. येथें कार्यालाच आपण कारण समजत असूं. किंवा कोंडलेली दिनचर्या हेंच दोहोंचें कारण असूं शकेल.

याचा उलगडा करण्याचा मार्ग म्हणजे प्रयोग. अमेरिकेंत पन्नाशी व त्यापुढील अठरा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांना पांच वर्षांहून अधिक काळ, निम्म्यांना दररोज २००० एकक ‘ड’ जीवनसत्त्व व निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यांत आली. २०२० सालीं निष्कर्ष जाहीर झाला: विषादाचा विकार टाळण्याच्या बाबतींत दोन्ही गटांत फरक पडला नाहीं. तीं माणसें उणीव असलेलीं म्हणून निवडलेलीं नव्हतीं, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. ज्यांना हा विकार आधींच जडला आहे अशांवरील लहान प्रयोगांपैकीं कांहींत थोडा गुण दिसला, कांहींत दिसला नाहीं. तात्पर्य, उणीव असेल तर ती भरून काढावी. त्यानें हाडें व स्नायु सुधारतील, दुखणें कमी झाल्यानें मनहि हलकें होईल. पण हें जीवनसत्त्व म्हणजे विषादावरील औषध, असें म्हणण्याचा अधिकार आज कोणालाहि नाहीं.

सूर्याची दुसरी एक देणगी मात्र मनाशीं अधिक जवळून संबंध ठेविते, आणि ती त्वचेच्या नव्हे, डोळ्यांच्या वाटेनें येते. डोळ्याच्या पडद्यांत दृष्टीच्या कामाखेरीज दिवस-रात्रीचें भान मेंदूला देणाऱ्या कांहीं निराळ्या पेशी आहेत, हा शोध २००२ सालचा. सकाळचा उजेड या पेशींवर पडला म्हणजे शरीरांतील घड्याळ बरोबर लागतें, रात्रीं झोंप वेळेवर येते, दिवसां हुशारी राहते. त्यापूर्वींच १९८४ सालीं अमेरिकेंतील डॉ. रोझेन्थाल यांनीं हिवाळ्याच्या अंधाऱ्या दिवसांत येणाऱ्या विषादाचें वर्णन केलें होतें, व प्रखर प्रकाशाच्या उपचारानें तो कमी होतो हें दाखविलें होतें. कचेरींतील दिव्यांचा उजेड प्रकाशमापनाच्या भाषेंत तीन-चारशें एककांचा असतो. बाहेर ढगाळ दिवशींहि तो हजारोंच्या घरांत असतो. डोळ्याला हा फरक जाणवत नाहीं, पण शरीराच्या घड्याळाला जाणवतो. म्हणून सकाळचें कोंवळें ऊन ‘ड’ जीवनसत्त्वाच्या दृष्टीनें रिकामें असलें तरी मनाच्या दृष्टीनें रिकामें नाहीं. प्रातःकाळीं सूर्यासमोर उभें राहण्याची आपली चाल या दृष्टीनें सोडूं नये अशीच आहे.

दोन चुका

अशा थकलेल्या स्त्रीच्या बाबतींत घराकडून दोन प्रकारची चूक होते. पहिली जुनी आहे. हाडें खरोखर दुखत असतांना ‘हें सारें मनाचें आहे, जरा उठून कामाला लाग’ असें म्हणणें. दुसरी नवी आहे. मन खरोखर खचलें असतांना ‘हें सारें जीवनसत्त्वाचें आहे, औषधाची पुडी घे म्हणजे होईल’ असें म्हणणें. दोहोंचा परिणाम एकच: घराला आपली घडी बदलावी लागत नाहीं.

ती घडी कशी आहे हेंहि मोजलें गेलें आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणींत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दररोज सरासरी २९९ मिनिटें, म्हणजे पांच तास, बिनमोल घरकामांत जातो, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटें, असें आढळलें. नोकरी ही याशिवायची. जिच्यावर आठ तासांची कचेरी, दोन-तीन तासांचा प्रवास आणि वर घरचा भार आहे, तिला थकवा व उदासी येण्यास सूर्यच अंतरला पाहिजे असें नाहीं. जगांत सर्वत्रच विषादाचा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत सुमारें दीडपट आढळतो.

थकव्याचीं दुसरीं शारीरिक कारणेंहि विसरूं नयेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आहे. शाकाहारी घरांत ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव सर्रास असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानें तिकडे लक्ष वेधलें आहे. गळ्यांतील अवटु ग्रंथि मंदावली तरी अंग जड होतें व मन उदास होतें. म्हणून एकाच कागदावरील एका आंकड्यावर विसंबूं नये. वैद्यकाच्या जाणकारानें सर्व बाजूंनीं पाहिलें पाहिजे.

आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न राहत असेल, आवडत्या गोष्टींतला रस गेला असेल, झोंप व भूक बिघडली असेल, स्वतःविषयीं तिरस्कार वाटत असेल, तर तो आजार समजून मनोविकारतज्ज्ञाकडे जावें. त्यांत कुळाला कमीपणा नाहीं. जगणें नकोसें झालें असा शब्द कोणाच्या तोंडून निघाला तर तो थट्टेवारी नेऊं नये. त्याच दिवशीं मदत मिळवावी. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक विनामूल्य असून तेथें मराठींत बोलतां येतें.

उपाय

पहिला उपाय ऊन. आठवड्यांतून तीन-चार दिवस तरी दुपारीं, सावली आंखूड असतांना, तोंड, हात व पोटऱ्या उघड्या ठेवून वीस-तीस मिनिटें बाहेर काढावीं. कचेरींतील डबा संपवून मैत्रिणींसह इमारतीबाहेर एक फेरी मारणें हा यांतील सर्वांत सोपा मार्ग. यानें सर्व गरज भागेलच असें नाहीं, पण पुष्कळ भर पडेल. मात्र अतिरेक नको. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघरच्याच मोकळ्या मैदानावरील समारंभांत भर उन्हांत तासन्‌तास बसल्यानें उष्माघात होऊन चौदा जणांनीं प्राण गमावले, हें आपण विसरलों नाहीं. चैत्र-वैशाखांत थोडा वेळ पुरतो. पाणी पिऊन जावें, डोक्यावर छाया असावी, त्वचा चुरचुरूं लागण्यापूर्वींच परतावें.

दुसरा उपाय आहार. याबाबतींत शाकाहारी घरांस फारसा आधार नाहीं. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे व अंड्याचा बलक हे या जीवनसत्त्वाचे नैसर्गिक साठे. साध्या दुधांत तें नगण्य असतें. उन्हांत वाळविलेल्या अळंब्यांत तें कांहीं अंशीं असतें. दूध व खाद्यतेल यांच्या पिशव्यांवर अधिक चिन्ह व इंग्रजी ‘एफ्’ अक्षर असलेली निळी खूण पाहावी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणें त्यांत ‘अ’ व ‘ड’ हीं जीवनसत्त्वें मिसळलेलीं असतात. कॅल्शियमसाठीं नाचणी, तीळ, दहीं-ताक हीं आपल्या स्वयंपाकघरांतलींच द्रव्यें उत्तम. कॅल्शियम पोटांत नसेल तर ‘ड’ जीवनसत्त्व एकटें काय करणार?

तिसरा उपाय औषध. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं प्रौढ माणसाची दैनिक गरज ६०० एकक ठरविली आहे. ज्या स्त्रीला ऊन मिळणें शक्यच नाहीं तिनें डॉक्टरांच्या सल्ल्यानें या मापाची गोळी घेण्यांत गैर नाहीं. उणीव मोठी असेल तर आपल्याकडे डॉक्टर आठवड्यास ६०,००० एककांची मात्रा कांहीं आठवडे देतात. ही मात्रा आठवड्याची आहे; ती चुकून रोज घेतल्यास, किंवा शेजारणीला गुण आला म्हणून मनानेंच महिनोन्‌महिने घेतल्यास, रक्तांतील कॅल्शियम वाढून ओकाऱ्या, तहान, बद्धकोष्ठ येथपासून मूत्रपिंडाच्या इजेपर्यंत मजल जाते. पाण्यांत विरघळणारीं जीवनसत्त्वें जास्त झालीं तर बहुधा मूत्रावाटे निघून जातात. हें चरबींत सांठून राहतें. तसेंच निरोगी माणसानें हौसेनें दरवर्षीं ही तपासणी करण्याची जरुरी नाहीं. २०२४ सालीं अमेरिकेंतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेनेंहि असेंच मत दिलें आहे. दुखणें असेल, गर्भारपण असेल, वार्धक्य असेल, तर डॉक्टर सांगतील तसें करावें.

घरांतील माणसांचें कर्तव्य

वरील तीन उपायांपैकीं दोन बाजारांत मिळतात. पहिला मिळत नाहीं. तो घरानेंच द्यावा लागतो, कारण ऊन फुकट असलें तरी उन्हांत जाण्यास लागणारा अर्धा तास फुकट नाहीं. तो कोणाच्या तरी कामांतून वजा व्हावा लागतो. आजपर्यंत तो स्त्रीच्या विश्रांतींतून वजा होत आला.

एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथें आहे. ज्या घरांत चार-सहा हात आहेत तेथें एका व्यक्तीला रोज अर्धा तास मोकळा करून देणें अवघड नसावें. सासऱ्यांनीं व दिरांनीं पाण्याचीं पिंपें भरणें, भाजी निवडणें, मुलांचा अभ्यास घेणें यांत कमीपणा मानूं नये. निवृत्त पुरुषांपाशीं वेळ हेंच तर मुख्य धन असतें. सासूबाईंनीं रविवारीं दुपारच्या स्वयंपाकाचा बेत आटोपता ठेवून सुनेला व लेकीला गच्चीवर पिटाळावें, आणि स्वतःहि जावें, कारण वय वाढतें तशी त्वचेची ही शक्ति घटते व त्यांची उणीव सुनेपेक्षां मोठी असण्याचा संभव आहे. सोसायटीच्या चालकांनीं गच्चीची किल्ली दुपारीं दोन तास मोकळी ठेवावी. मुलीच्या रंगावरून बोलणें घरांत बंद व्हावें. रंग टिकला आणि हाडें गेलीं, हा व्यवहार कोणत्याहि हिशेबानें तोट्याचा आहे. कचेऱ्यांच्या चालकांनीं जेवणाच्या सुटींत बाहेर जाण्याइतका वेळ खरोखर मिळतो कीं नाहीं हें पाहावें.

नाशिकच्या माजघरांतील स्त्रीला बाहेर येऊं दिलें नाहीं, तो रूढीचा दोष होता, व त्या रूढीचें समर्थन आज आपण कोणी करीत नाहीं. खारघरच्या स्त्रीला बाहेर जाण्याची मनाई कोणीच केलेली नाहीं. केवळ तिच्या दिवसांत तेवढी जागा शिल्लक ठेविलेली नाहीं. ती जागा करून देणें पुडी आणून देण्यापेक्षां कठीण आहे. पण पुडीनें फक्त रक्तांतील आंकडा वाढतो. त्या जागेनें आंकडाहि वाढेल, आणि आपली कोणी काळजी घेतें ही जाणीवहि त्या स्त्रीला होईल. मन खचलेल्या माणसाला या जाणिवेचीच उणीव अनेकदां अधिक असते, व ती भरून काढणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.